बारावी मात्रा

नील ट्रॅस्कचा फोन आला तेव्हा क्लीऑन बास्कम डाव्या हाताने अंडं फोडायला शिकत होता. उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला. म्हणजे होता जागच्या जागी, पण लांबच्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहायचा आणि कशालाच हातभार लावायचा नाही. पाचवं अंडं ओट्यावर सांडलं आणि फोन वाजला.

“क्ली, जिवंत आहेस ना?”

तेरा वर्षांनी ऐकला तरी तो आवाज ओळखायला क्लीऑनला वेळ लागला नाही. “मी आहे. तूच गेलास असं कुणीतरी सांगत होतं.”

“मी नाही रे, माझं लग्न गेलं. तिसरं.”

दोघं हसले. मग नीलने बातमी सांगितली. त्याच्या तीस वर्षांच्या वाजवण्यातलं निवडक असं दोन सीडींत भरून निघणार होतं. पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोदामांतून जुन्या टेप शोधून काढल्या होत्या, सोबत फोटोंची जाड पुस्तिका, आणि नाव होतं ‘सहा तारा, तीस वर्षं’.

“एकूण बावीस तुकडे घेतलेत. आणि पहिला कुठला, ओळख.”

आपण नाव घ्यावं आणि पलीकडून दुसरंच यावं, असला फजितवाडा क्लीऑनला नको होता.

“भट्टी!” नील म्हणाला. “दुसरा कुठला असणार, गाढवा?”

फोन ठेवल्यावर क्लीऑन खुर्चीत टेकला. ओट्यावरचं अंडं कडेवरून खाली टपटपत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचेना. झटका आल्यापासून त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

नील ट्रॅस्क म्हणजे गिटारवाला. जॅझच्या अंगात वीज सोडून, रॉकवाल्यांच्या कानठळ्या उसन्या घेऊन सत्तरच्या सुमारास जे काही सुरू झालं आणि ज्याला लोक फ्युजन म्हणायला लागले, त्यातलं हे मोठं नाव. जपानात त्याच्या नावाच्या गिटारी विकल्या जातात. लोकांनी तीस वर्षं ऊठसूट देव म्हटलं की माणूस हळूहळू देवासारखाच वागायला लागतो. भक्तांची आठवण त्याला वर्गणीच्या वेळेला येते. पण १९७४ साली तो देव नव्हता. फाटक्या कोटातला एक हडकुळा पोरगा होता, आणि त्याच्या मागे तिघं जण होते. कीबोर्डवर एक अबोल हंगेरियन, बास गिटारवर हुबर्ट स्लोन, आणि ड्रम्सवर फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउनचा क्लीऑन बास्कम.

‘भट्टी’ त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरची. नऊ मिनिटांची, अकरा मात्रांची. मध्यावर नीलची गिटार चढत चढत जाते, आता फुटणार असं वाटतं, आणि तिथे चौघंही एकदम थांबतात. अकरा मात्रांचं एक अख्खं आवर्तन नुसती शांतता. मग क्लीऑनचा ठोका समेवर पडतो आणि चौघं एकसाथ कोसळतात. निदान कागदावर तरी असंच होतं. रेकॉर्डवर मात्र तो ठोका अकरा मात्रांनंतर पडत नाही, बारा मात्रांनंतर पडतो. जिना उतरताना संपला म्हणून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसा ऐकणाऱ्याचा तोल जातो. आणि गंमत म्हणजे चौघंही त्याच पायरीवर एकदम उतरलेले.

या एका मात्रेने क्लीऑनला जे काही मिळायचं ते मिळालं. ड्रमर लोक तिला ‘बास्कमची बारावी’ म्हणायला लागले. संगीताच्या शाळांतून मास्तर ती फळ्यावर मांडून दाखवायचे. एक्याण्णव साली एक नॉर्वेचा विद्यार्थी घर शोधत आला होता, हातात वहीभर गणितं. ती बारावी मात्रा आधीच्या कुठल्या कुठल्या अपूर्णांकांची बेरीज आहे हे त्याने क्लीऑनलाच पाऊण तास समजावून सांगितलं. क्लीऑनने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, “थोडं कमी मोजत जा, बाबा.” विद्यार्थ्याने तेही वहीत लिहून घेतलं.

खरी गोष्ट एवढीच होती की क्लीऑन मोजताना चुकला होता.

त्या दिवशी दुपारी त्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून घरी फोन केला होता. मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते आणि बापाने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आज रेकॉर्डिंग, उद्या रेकॉर्डिंग. बायकोने, अर्नेस्टीनने, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता निवांत ये. ती काही तुझी वाट बघत नाहीये.” फोन ठेवला. तासाभराने ‘भट्टी’ सुरू झाली. मधल्या शांततेत क्लीऑन मोजत होता, सहा, सात, आणि त्याच्या मनात आलं की पोरीचं नाक कुणावर गेलं असेल. काठी खाली आली तेव्हा एक मात्रा निघून गेली होती.

तरीही बाकीचे तिघं त्याच्याबरोबरच खाली आले, कारण हुबर्टचा तसा नियमच होता. शांततेत कुणी आपापलं मोजायचं नाही, ड्रमरच्या काठीकडे बघायचं. काठी चुकली तर चौघांनी चुकायचं. “एकटा चुकला तर चूक,” हुबर्ट म्हणायचा, “चौघं चुकले तर रचना.” तुकडा संपल्यावर नीलचे डोळे चमकत होते. “मुद्दाम केलंस?” त्याने विचारलं. क्लीऑन म्हणाला, “मग काय तर!” हुबर्ट बासची तार पिळत राहिला. नव्वद साली तो गेला, तोवर आणि त्यानंतरही ही गोष्ट कुणाला कळली नाही.

वर्षभराने बँड मोडला. क्लीऑन घरी आला, तेवीस नंबरची ट्रॉली, म्हणजे ट्राम, चालवायला लागला; ट्रॉली बंद झाली तेव्हा बस. अर्नेस्टीनने त्याला घरात घेतलं, पण त्या रेकॉर्डला घेतलं नाही. ती या घरात वाजायची नाही, एवढी एकच अट. क्लीऑनने रेकॉर्डी तळघरात ठेवल्या, आणि नव्याण्णवच्या वादळात तळघरात कमरेएवढं पाणी शिरलं. त्याच साली अर्नेस्टीनही गेली. अट घालणारी गेली आणि ज्याच्यावर अट होती तेही गेलं. कंपनी कधीच बुडाली होती. जुन्या रेकॉर्डींचे दुकानदार म्हणायचे, मिळत नाही हो, मिळालीच तर जपानी उचलून नेतात.

त्यामुळे रोशेल एकोणतीस वर्षांची झाली तरी तिने बापाचं वाजवणं ऐकलेलं नव्हतं. ती चर्चमधल्या गाणाऱ्यांची म्होरकी. बेचाळीस माणसं तिच्या एका बोटावर श्वास घ्यायची आणि अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली की बिचाऱ्यांना घाम फुटायचा. हे कौशल्य तिला कुठून आलं हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी कुणीच ते बोलत नव्हतं. बापाचं वाजवणं तिच्या लेखी आईचे डोळे पुसण्याशी बांधलेलं होतं.

क्लीऑनने तिला त्या संध्याकाळीच फोन केला. “रोशेल, माझी रेकॉर्ड परत निघतेय. आपण दोघांनी मिळून ऐकायची.”

“बरं.”

“नुसतं बरं नाही. पहिल्या तुकड्यात मध्ये एक जागा आहे. तिथे आलो की तुला एक गोष्ट सांगायचीय.”

“आत्ता सांग ना.”

“आत्ता नाही. ती जागा ऐकल्याशिवाय पटायची नाही.”

तीस वर्षांची लाज होती ती. ती नुसती तोंडाने सांगितली तर कुणीही म्हणेल, म्हातारा सारवासारव करतोय. पण ती मात्रा ऐकवून सांगितली असती, की बघ, जगभर लोक जिला अक्कल म्हणतात ती माझी अक्कल नव्हे, ती तू आहेस, तर पोरीला काही वेगळं वाटलं असतं. क्लीऑनला आता आयुष्याकडून एवढंच हवं होतं.

*

ऑगस्टमध्ये नील स्वतः आला. लांबलचक गाडी जर्मनटाउन अव्हेन्यूच्या दगडी फरसबंदीवर खडखडत थांबली, तेव्हा शेजारचा थॅडियस आपल्या ओसरीवरून मान लांब करून बघत होता. थॅडियस हा क्लीऑनबरोबर बावीस वर्षं आधी ट्रॉली, मग बस चालवलेला माणूस, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी आणि गल्लीचं वर्तमानपत्र.

“क्लीऑन, कुणी बडी आसामी दिसते. विमावाला की वकील?”

“गिटारवाला आहे.”

“मग चमचे मोजून ठेव.”

नीलने कुठल्याशा महागड्या दुकानातला ‘ॲपल पाय’ आणला होता. क्लीऑनने तो आदराने बाजूला ठेवला आणि रोशेलने केलेला रताळ्याचा ‘पाय’ कापला. नीलने दोन तुकडे खाल्ले. त्याने क्लीऑनचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. क्लीऑनला भरून आलं. माणूस एकटा असला की कुणी हात धरला तरी विरघळतो.

“टेप कशा आहेत?” त्याने विचारलं.

“चिकट झाल्यात सगळ्या. तशाच लावल्या तर सालपटं निघतात. तर काय करतात माहितीये? भट्टीत भाजतात. मंद आचेवर, आठ-आठ तास. मग त्या एकदाच वाजतात, तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं.”

“‘भट्टी’ भाजली म्हण की.”

“खरपूस!”

हुबर्टच्या आठवणी निघाल्या. हंगेरियनने एकदा शिकागोत चुकून दुसऱ्याच बँडच्या गाडीत बसून मिलवॉकी गाठलं होतं, ते निघालं. बाटली निघाली. डॉक्टरने एक घोट सांगितलेला, क्लीऑनने चार घेतले. ऊन ओसरीवरून उतरून पायऱ्यांवर गेलं होतं आणि पलीकडे बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

“तुझी ती बारावी,” नील म्हणाला. “परवा हेडफोन लावून वीस वेळा ऐकली. तीस वर्षं मुलाखतींतून सांगतोय लोकांना, की ती क्लीची कमाल आहे. पण खरं सांगू? मला ती कधी कळलीच नाही. तिथे बारावी का? मागे-पुढे कशाशीच तिचा संबंध नाही. काय विचार होता तुझा?”

इथे क्लीऑनने गप्प बसायला हवं होतं. नॉर्वेवाल्यासारखं याही गड्याला ‘कमी मोज’ म्हणून वाटेला लावायला हवं होतं. पण चार घोट पोटात, हातावर मित्राची ऊब, आणि मनात आलं की रोशेलला सांगायच्या आधी एकदा मोठ्याने बोलून बघावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काही विचार नव्हता रे. चुकलो मी.”

नीलने पेला खाली ठेवला.

“खरंच. मोजताना चुकलो. रोशेल नऊ दिवसांची होती, मी तिला बघितलं नव्हतं. अर्नेस्टीनने फोन आपटलेला. माझं डोकं इथे होतं, हात तिकडे. हुबर्टला कळलं होतं. तुम्ही सगळे माझ्या काठीबरोबर खाली आलात म्हणून वाचलो.”

“म्हणजे तू मला म्हणालास...”

“खोटं बोललो.”

नील मोठ्याने हसला. पोट धरधरून हसला, इतका की थॅडियस ओसरीवर उठून उभा राहिला. “तीस वर्षं! च्यायला, क्ली, तीस वर्षं!” डोळे पुसून त्याने क्लीऑनला मिठी मारली. निघताना पुन्हा हात धरला आणि म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं माझ्याच कानात काही कमी आहे.”

क्लीऑनने गाडी वळेपर्यंत डावा हात हलवला. मनावरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. तो उतरून कुठे पडला हे कळायला अजून तीन महिने होते.

*

पार्सल नोव्हेंबरात आलं, शनिवारी सकाळी. रोशेल दुसऱ्या दिवशी चर्चनंतर जेवायला येणार होती. वाढदिवसाच्या निमित्ताने तिने बापाला चांगला सीडी प्लेयर आणूनही दिला होता. तिच्याआधी ऐकायची नाही असं क्लीऑनने ठरवलं होतं. पण थॅडियस आला आणि म्हणाला, “आचारी आधी चाखतो की नाही? लाव.” तसं क्लीऑनलाही तेच हवं होतं.

थॅडियसने वेष्टन काढलं, कारण एका हाताने ते निघेना. वर नील, पांढऱ्या केसांचा, गिटारीवर डोकं टेकून. आत बावीस फोटो, त्यातल्या एकात चौघं. क्लीऑन अर्धा कापलेला, पण होता.

‘भट्टी’ सुरू झाली. क्लीऑनने डोळे मिटले. त्याचा उजवा हात त्याच्याआधी तिथे पोचला होता, अठ्ठावीस वर्षांचा, धडधाकट. किती वाजवत होता तो! थॅडियसने देवाधर्माचा माणूस असूनही मांडीवर ताल धरला. “तू ट्रॉली कशाला चालवलीस रे मूर्खा?” तो म्हणाला. क्लीऑनला हसू आलं. गिटार चढली, चढली, आणि सगळं थांबलं.

दहा. अकरा.

आणि ठोका पडला.

क्लीऑनने डोळे उघडले. संगीत पुढे चाललं होतं, चौघं एकसाथ, अगदी समेवर. थॅडियसच्या कपाळाला आठी पडली होती. तो गवई नव्हता, पण रेकॉर्डी बुडायच्या आधी तळघरात चोरून त्याने ती जागा अनेकदा ऐकली होती.

“मागे घे,” थॅडियस म्हणाला.

मागे घेतलं. दहा, अकरा, ठोका. तीनदा ऐकलं, तीनदा तेच. मग थॅडियसने चष्मा लावून पुस्तिका उघडली आणि नीलने लिहिलेलं वाचायला लागला. चर्चमध्ये वचन वाचतात त्या आवाजात सुरुवात केली, पण ओळी सरतील तसा त्याचा आवाज खाली गेला. “‘भट्टीच्या मध्यावरची ती जास्तीची मात्रा अनेक वर्षं चर्चेचा विषय होती. माझा जुना मित्र क्लीऑन बास्कम याने अलीकडेच मोठ्या मनाने कबूल केलं की ती मोजण्यातली चूक होती. आजच्या तंत्रामुळे ती आम्हाला दुरुस्त करता आली. भट्टी मुळात जशी रचली होती तशी आज तुम्ही प्रथमच ऐकत आहात. क्लीऑनच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याचे आभार.’”

संगीत चालूच होतं. थॅडियसने उठून बंद केलं.

“फोन लाव त्याला,” तो म्हणाला. “नाहीतर मी लावतो, आणि मग मला डीकन म्हणू नकोस.”

नीलने लगेच उचलला. “क्ली! मिळाली का? कशी वाटली?”

“माझी मात्रा कुठाय?”

“कुठली... अच्छा, ती. बघितलंस ना किती बेमालूम जमलंय? सांधा शोधून सापडत नाही.”

“नील, तुला कुणी सांगितलं होतं काढायला?”

“अरे, तूच सांगितलंस चूक आहे म्हणून! तुला लाज वाटत होती तीस वर्षं. मला वाटलं, चला, मित्राचं एक काम होईल.”

“मी तुला सांगितलं होतं. तुझ्या मशीनला नव्हतं सांगितलं.”

“हे बघ, तुझा एकसुद्धा ठोका काढलेला नाही. हात लावला नाही मी. मधली मोकळी जागा तेवढी कापली, एक मात्रा. तिथे काही नव्हतंच.”

“ती मोकळी जागाच माझी होती,” क्लीऑन म्हणाला. “ठोके कुणीही वाजवेल.”

मग नीलने आवाज मऊ केला, आजाऱ्याशी बोलताना करतात तसा. “क्ली, ही माझ्या आयुष्यभराची गोळाबेरीज आहे. तिची सुरुवातच चुकीने करू? लोक पन्नास वर्षांनी हीच ऐकतील.”

“तेच म्हणतोय मी.”

“तुझं नाव घातलंय. आभार मानलेत.”

“हुबर्ट काय म्हणायचा, आठवतं?”

“हुबर्ट बरंच काही म्हणायचा.”

“चौघं मिळून चुकलो होतो आपण. तू पण आला होतास खाली माझ्याबरोबर. आता तीस वर्षांनी तू एकटाच परत वर चढून उभा राहिलास, आणि मला खाली ठेवलंस.”

“तू आज चिडलेला आहेस. आपण नंतर बोलू,” नील म्हणाला, आणि ठेवला. मोठ्या माणसांचं हे ‘नंतर’ फार मोठं असतं. क्लीऑन ते जाणून होता, त्याने पुन्हा फोन लावला नाही.

ऑगस्टमधलं सगळं बोलणं थॅडियसने आपल्या ओसरीवरून ऐकलं होतं. तो म्हणाला, “जाऊ दे. रोशेलला तू तशीच गोष्ट सांग.”

“काय सांगू? ती म्हणेल, दाखव. कुठे दाखवू?”

“मी साक्ष देतो.”

“चर्चमध्ये दे,” क्लीऑन म्हणाला, आणि त्याला घरी पाठवून दिलं.

*

रविवारी रोशेल चर्चचे कपडे न बदलताच आली. तळलेली कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, मॅकरोनी, सगळं डब्यांतून. जेवण होईपर्यंत तिने रेकॉर्डचा विषय काढला नाही, पण तिचं लक्ष तिकडेच होतं. ताटं उचलल्या उचलल्या ती हात पुसत प्लेयरपाशी गेली.

“चल डॅडी. कितवा तुकडा, पहिला ना?”

“आज राहू दे. दमलीयस तू.”

“मी दमलेय की तू घाबरलायस?” तिने बटण दाबलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

पहिल्या मिनिटातच तिचा चेहरा बदलला. गाणाऱ्यांना ऐकते तशी ती ऐकत होती, मान थोडी तिरकी, बोटं मांडीवर. तिसऱ्या मिनिटाला ती हलक्या आवाजात म्हणाली, “अकरा आहेत,” आणि पुढे मोजत राहिली. क्लीऑन तिच्या बोटांकडे बघत होता. मग त्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली; नाक त्याच्यावरच गेलं होतं. गिटार चढली. सगळं थांबलं. तिची बोटं शांततेतही न चुकता पडत राहिली, नऊ, दहा, अकरा, आणि ठोक्याबरोबर ती स्वतःही खुर्चीत किंचित उसळली.

“वा!” ती ओरडली. “डॅडी! एवढ्या लांब थांबून अगदी समेवर! आमचे मेले टेनर गायक चार मात्रा थांबले तरी भरकटतात.” तिचे डोळे भरले होते. “मम्मी म्हणायची, त्या वर्षी तुझं कशातच ध्यान नव्हतं. किती ध्यान होतं तुझं!”

ही पोर जन्मात पहिल्यांदा क्लीऑनच्या वाजवण्यावर खूश झाली होती, आणि ज्यावर खूश झाली होती ते त्याने वाजवलेलंच नव्हतं. खरं सांगावं तर तिच्या हातातला आनंद काढून घ्यायचा, आणि पुरावा म्हणून द्यायला हातात काही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. त्याला नीलचा राग आला, आणि त्याहून जास्त आपल्याच जिभेचा.

रोशेलने तोवर पुस्तिका उघडली होती. क्लीऑनने ती लपवायला हवी होती, पण कालपासून त्याला काहीच सुचत नव्हतं. ती ओठ हलवत वाचत होती.

“हे बघ, तुझं नाव! ‘मोठ्या मनाने’ लिहिलंय.” ती पुढे वाचत गेली. “अच्छा, म्हणजे एका ठिकाणी जरा चुकलं होतं होय? आणि त्यांनी ते नीट करून दिलं? किती चांगला माणूस आहे रे. थँक्यू म्हणालास का त्याला?”

“बोललो काल फोनवर.”

“आणि ती गोष्ट? कुठल्यातरी जागी सांगणार होतास ना?”

“ती जागा...” क्लीऑन थांबला. “विसरलो बघ. एवढी काही मोठी नव्हती.”

“म्हातारा झालास,” ती म्हणाली. तिने त्याच्या गालावर ओठ टेकले, जे ती फारसं करत नसे, आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. “या वेळी आपण दोघं मिळून. तू डाव्या हाताने धर, मी आहेच.”

तिने टेबल जवळ ओढलं. दोघं मोजत राहिले, एका लयीत, ती बोटांनी आणि तो तळव्याने. गिटार चढली. सगळं थांबलं. रोशेल हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत मोजत होती. दहा, अकरा, आणि तिची बोटं ठोक्याबरोबर टेबलावर पडली. क्लीऑनचा हात अजून वरच होता. एक मात्रा गेली, आणि मग तो एकटाच खाली आला.

रोशेल खळखळून हसली. “डॅडी! त्यांनी नीट करून दिलं, तरी तू चुकतोसच!”

“हो ना,” क्लीऑन म्हणाला, आणि हात टेबलावरून मांडीवर घेतला.